रोगप्रतिकारशक्तीत शक्ती किती आणि आठवण किती?

अर्धविराम

२०२० पासून 'इम्युनिटी' हा शब्द चहाच्या पुड्यापासून गादीच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे चिकटला आहे. मला वाटतं, घोळाचं मूळ आपल्या मराठी शब्दातच आहे. 'रोगप्रतिकारशक्ती' म्हटलं की डोळ्यांसमोर तालीम येते. खुराक घ्या, जोर काढा, दंड फुगेल.

आता उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांचं उदाहरण घ्या. तिथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली आणि त्यानंतर ६५ वर्षं गोवर फिरकला नाही. १८४६ मध्ये बोटीने परत आला तेव्हा ७,७८२ वस्तीपैकी सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघर जाऊन नोंदी केल्या. १७८१ मध्ये लहानपणी ज्यांना गोवर येऊन गेला होता, अशा म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. त्याच वयाच्या, पण तेव्हा सुटलेल्या म्हाताऱ्यांना मात्र झाला. दोन्ही गटांचं वय एक, अन्न एक, थंडी एक. तगडेपणाचा इथे काही संबंध नाही. फरक एवढाच, की एकाच्या शरीराला गोवर आठवत होता.

म्हणून दोन प्रश्न. एक, आठवण 'वाढवायची' म्हणजे नेमकं काय करायचं? दोन, 'समाजाची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे' असं अग्रलेखांतून सारखं वाचायला मिळतं. त्या रूपकाला काही अर्थ आहे का?

चहाटळ

म्हणजे काढ्याऐवजी ब्राह्मी घ्यायची का? स्मरणशक्तीसाठी तीच सांगतात. (हलके घ्या.)

शीतसाखळी

मूळ मुद्दा पटला. लस म्हणजे शरीराला दिलेली खोटी आठवण, रोग न होता झालेली. पण ती आठवण कुपीतून दंडापर्यंत शाबूत पोचवायची तर काय काय सांभाळावं लागतं, ते लिहितो, कारण 'लस घेऊनही आजार झाला' या तक्रारीत पुष्कळदा दोष शरीराचा नसतो.

लसींचे ढोबळ दोन स्वभाव. गोवर-रुबेला, बीसीजी, तोंडाचा पोलिओ या जिवंत लसी उष्णतेने मरतात. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लसी गोठल्या की वाया जातात. त्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात, गोठल्यावर त्यांचे गठ्ठे होतात आणि वितळल्यावरही ते सुटत नाहीत. म्हणून आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमध्ये (लसींच्या खास फ्रिजमध्ये) तापमान २ ते ८ अंश ठेवायचं, गोठणाऱ्या लसी वरच्या भागात, तळाशी नाहीत.

लोकांना वाटतं उन्हाने लसी जास्त खराब होतात. प्रत्यक्षात गोठून वाया जाणाऱ्या लसी सहज नजरेतून सुटतात. कुपीवरचा व्हीव्हीएम (वर्तुळात फिकट चौकोन) फक्त उष्णता सांगतो. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकायची. पण गोठून गेलेल्या कुपीचा व्हीव्हीएम अगदी ताजातवाना दिसतो! तिथे शेक टेस्ट करावी लागते. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपी तिच्या शेजारी धरायची, दोन्ही हलवून ठेवायच्या आणि गाळ किती लवकर बसतो ते पाहायचं. संशयित कुपीचा गाळही तितक्याच झपाट्याने बसला तर ती कुपी बाद.

आणखी एक नेहमीची चूक. आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये टाकतात. आधी ते बाहेर ठेवून घाम फुटू द्यायचा. कानाशी हलवला की आत पाणी खळखळलं पाहिजे. तो आवाज येईपर्यंत थांबायचं. सकाळी सत्राला निघायच्या घाईत हे राहून जातं आणि पेंटाच्या कुपीला पॅक टेकतो.

मोगरा_४

गोवराचं इंजेक्शन बरोबर नऊ महिन्यांनीच का? आधी दिलं तर मूल लवकर सुरक्षित नाही का होणार?

शीतसाखळी

@मोगरा_४, आईच्या प्रतिपिंडांमुळे (अँटीबॉडीजमुळे). गर्भात असताना वारेतून ते बाळाकडे येतात आणि काही महिने रक्तात टिकतात. तोवर दिलेला लशीचा जिवंत विषाणू ते उगवण्याआधीच मारून टाकतात, म्हणजे आठवण तयारच होत नाही. उधारीच्या ढालीखाली शिकता येत नाही. उलट फार थांबलं तर ढाल संपलेली आणि लस नाही, अशी उघडी खिंड राहते. नऊ महिने ही दोन्हींमधली तडजोड आहे. साथ असेल तर ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस देतात. मुंबईत २०२२ च्या उद्रेकात दिला होता. मात्र तो हिशेबात धरत नाहीत, पुढचे दोन डोस वेळेवर द्यायचेच.

गोठेवाला

वारेचा विषय निघालाच आहे तर गोठ्यातली गोष्ट ऐका. माणसाच्या बाळाला ही उधारी जन्माआधी मिळते. गाई-म्हशीच्या वारेतून प्रतिपिंड जातच नाहीत. वासरू पडतं तेव्हा या बाबतीत कोरी पाटी. त्याला जे काही मिळतं ते चिकातून.

हिशेब असा: वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे. २५ किलोचं वासरू, तर अडीच लिटर. त्यातला पहिला हप्ता जन्मल्यापासून एक-दोन तासांत. वासराच्या आतड्याला सुरुवातीला हे मोठे प्रतिपिंड अख्खेच्या अख्खे रक्तात घेता येतात. सहा तासांनंतर ही क्षमता झपाट्याने उतरते आणि २४ तासांत दार बंद. त्यानंतर बादलीभर चीक पाजा, ती फक्त पोटभरती.

आणि नेमकी इथेच चूक होते. 'जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही' ही समजूत अजून गावोगाव आहे. जार, म्हणजे गाईची वार, पडायला आठ-बारा तास सहज लागतात. तोवर दार निम्मं मिटलेलं. पुढे पंधरा दिवसांत पांढरी हगवण लागली की मग 'वासरूच अशक्त निघालं' म्हणायचं.

ऊस लावणाऱ्यांसाठी फुकटचा सल्ला: साखर बघायला जो हातातला ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर वापरता, त्यावर चिकाचा एक थेंब टाका. २२ किंवा जास्त आला तर चीक उत्तम. १८ च्या आसपास असेल तर दुसऱ्या गाईचा चांगला चीक मिळतोय का बघा.

चहाटळ

म्हणजे आपण खरवस खातो ती वासराची प्रतिकारशक्ती लुटून? आता वेलदोडा टाकतानाही हात थरथरणार.

गोठेवाला

@चहाटळ, वासराचं पोट भरल्यावर उरलेल्याचा खरवस खुशाल करा. पण 'खरवसाने इम्युनिटी वाढते' असं कोणी म्हटलं तर हसा. चीक ६० अंशांच्या फार वर गेला की प्रतिपिंड मोडतात, आणि खरवस तर वाफेवर थापला जातो. शिवाय मोठ्या माणसाचं आतडं ते अख्खे आत घेतही नाही. उरतात प्रथिनं, गूळ आणि जिभेची चंगळ.

पाटावरवंटा

काढ्याची आणि खरवसाची टिंगल सोपी आहे. आयुर्वेदात 'व्याधिक्षमत्व' असा शब्द आहे, त्यात शक्ती नाही, क्षमता आहे. शरीर सशक्त असलं तर आजार सौम्य जातो हे तुम्हीही नाकारणार नाही. कुपोषित मुलाला गोवर झाला तर काय होतं? मग 'तगडेपणाचा संबंध नाही' हे विधान टोकाचं आहे.

रक्तचंदन

@पाटावरवंटा, अर्धं मान्य. उपासमारीत छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, प्रतिकाराच्या पेशी कमी बनतात, आतड्याचं आणि श्वासनलिकेचं अस्तर फाटकं होतं. 'अ' जीवनसत्त्व कमी असेल तर गोवर डोळे घेऊन जातो. म्हणून गोवर झालेल्या, एक वर्षावरच्या मुलाला २ लाख युनिट लागोपाठ दोन दिवस देतात, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख. सरकारी कार्यक्रमातही नवव्या महिन्याच्या लशीबरोबर १ मिली, मग दीड वर्षापासून दर सहा महिन्यांनी २ मिली, असे पाचव्या वर्षापर्यंत नऊ डोस आहेत.

पण याला खड्डा बुजवणं म्हणतात. बुजलेल्या खड्ड्यावर आणखी माती टाकत राहिलात तर उंचवटा होतो आणि गाडी तिथेच आपटते. 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं की यकृताला बाधतं.

गुळवेलीचंही तेच. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेत असताना यकृताला सूज आणि तिचं रूप स्वप्रतिरक्षेसारखं, म्हणजे शरीर आपल्याच यकृतावर उठल्यासारखं.

पाटावरवंटा

त्यावर आयुष मंत्रालयाने घेतलेला आक्षेपही सांगा की. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती याची ओळख पटवलेली नव्हती. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या वेली आहेत. कुंपणावरून ओरबाडून मिक्सरमध्ये फिरवली तर तो दोष शास्त्राचा कसा?

रक्तचंदन

आक्षेप नोंदला. पण मग जाहिरातीत 'रोज घ्या, सर्वांनी घ्या' असं तरी का लिहायचं? ज्याला आधीच हाशिमोटो (थायरॉइडवर उठणारा आजार), सोरायसिस किंवा आमवात आहे, त्याला 'वाढवायची' प्रतिकारशक्ती नकोच आहे. त्याची आधीच चुकून स्वतःच्याच अंगावर उठलेली आहे.

अर्धविराम यांनी आठवण म्हटलं. मी त्यात 'आवर'ही जोडेन. थायमसमध्ये टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार होताना त्यांची परीक्षा होते आणि ९५ टक्क्यांहून जास्त तिथेच मरतात. निरुपयोगी असतात त्या जातात, आणि स्वतःच्या शरीराला कडकडून धरणाऱ्याही जातात. तरी काही निसटतात. त्यांना बाहेर आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वेगळ्या. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना याच शोधासाठी मिळालं. फॉक्सपी३ हा एक जनुक बिघडला की या आवरणाऱ्या पेशी नीट बनत नाहीत आणि तान्ह्या मुलाला मधुमेह, न थांबणारे जुलाब, इसब असं सगळं एकदम होतं. प्रतिकार भरपूर, आवर शून्य.

तिसरी_घंटा

अ‍ॅलर्जी विसरलात. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पिणं, हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला शरीरशास्त्र आतून कळलेलं होतं. शेंगदाण्याने कधी काही केलेलं नसतं, पण एकदा आयजीई प्रतिपिंड चुकीचा धडा शिकले की दर वेळी फुंकर. आणि ती फुंकर घसा बंद करते.

मोडीवाचक

थोडं अवांतर, पण शब्दावरून धागा निघालाय म्हणून. इम्यूनिस हा लॅटिन शब्द वैद्यकातला नव्हेच. म्यूनस म्हणजे सार्वजनिक कर्तव्य, कर, वेठ. इम्यूनिस म्हणजे त्यातून सुटलेला. रोमन साम्राज्यात काही शहरं अशी करमुक्त असत. आपल्याकडचा अचूक प्रतिशब्द सांगू? इनामदार! सारा माफ असलेली जमीन आणि ती धरणारा. इंग्रजांनी १८५२ मध्ये इनाम कमिशन बसवून मुंबई इलाख्यात कोणाच्या सनदा खऱ्या ते तपासायला घेतलं, तेव्हा अनेक घराण्यांची 'इम्युनिटी' एका फटक्यात गेली.

कायद्यात शब्द अजून त्याच अर्थाने आहे. घटनेच्या कलम ३६१ खाली राष्ट्रपती आणि राज्यपालांवर पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाई होत नाही. आमदारांना सभागृहातल्या भाषण-मतदानासाठी कलम १९४ चं संरक्षण आहे, खासदारांना १०५ चं. त्याच्या आड लाच घेऊन मत देणंही बसत होतं, १९९८ च्या निकालामुळे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी तो निकाल मोडीत काढला.

तेव्हा समाजाची 'इम्युनिटी' म्हणताना नक्की कोणती? रोगाशी लढण्याची की जबाबदारीतून सुटण्याची? दुसरी आपल्याकडे भरपूर आहे.

चहाटळ

+१. नो पार्किंगमध्ये गाडी लावून 'ओळखलं नाहीत का?' म्हणणारे सगळे इनामदारच.

काटकोन

रूपकाकडे वळण्याआधी सामूहिक प्रतिकारशक्तीचं गणित एकदा मांडतो, कारण ते उलटं वापरलं जातं. एक गोवराचा रुग्ण कोणीच सुरक्षित नसलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना देतो. साथ थांबायची तर सुरक्षित लोकांचं प्रमाण १ वजा (१ भागिले तो आकडा) एवढं हवं. म्हणजे १२ धरले तर ९२ टक्के, १८ धरले तर ९४.

आता नवव्या महिन्याचा डोस साधारण ८५ टक्के मुलांमध्ये लागू पडतो. म्हणजे शंभरच्या शंभर मुलांना एक डोस दिला तरी ८५ सुरक्षित. ९२ ला पोचतच नाही! दुसरा डोस (१६ ते २४ महिने) 'ताकद वाढवायला' नसतो. पहिल्यात नापास झालेल्या १५ मुलांची ती फेरपरीक्षा आहे. दोन्ही मिळून ९७ च्या आसपास जातं.

दुसरं म्हणजे सरासरीचा फसवेपणा. जिल्ह्याचं लसीकरण ९५ टक्के असलं तरी एखाद्या वस्तीत ते ७० असू शकतं. विषाणू जिल्ह्याची सरासरी वाचत नाही, तो गल्ली बघतो.

शीतसाखळी

पुस्ती: धनुर्वाताला हे गणित लागूच नाही. तो माणसाकडून येत नाही, मातीतून-शेणातून येतो. शेजारच्या हजार जणांनी टीडी घेतली तरी तुमचं काही वाचत नाही. आणि धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही पुढची आठवण राहत नाही, इतक्या कमी विषात तो माणूस मारतो. म्हणून बरं झाल्यावरही लस द्यावीच लागते.

खिळा गंजका असणं-नसणं गौण. आणि दर खरचटण्याला इंजेक्शन नको. पूर्ण डोस झालेले असतील तर स्वच्छ लहान जखमेला मागच्या डोसनंतर १० वर्षं, मळक्या-खोल जखमेला ५ वर्षं उलटली असतील तरच.

मोगरा_४

कुत्रा चावल्यावर जखमेतच एक इंजेक्शन देतात, ते यापेक्षा वेगळं का?

रक्तचंदन

हो, ती उधारी. लशीतून आठवण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि रेबीजचा विषाणू तोवर नसेत शिरू शकतो. म्हणून रक्त आलेल्या चाव्याला तयार प्रतिपिंड, मानवी असतील तर किलोमागे २० युनिट, घोड्याचे असतील तर ४०, जखमेत आणि जखमेभोवती जितके मावतील तितके. पहिल्या लशीनंतर सात दिवस उलटले की हे देत नाहीत. तोवर शरीराचे स्वतःचे येऊ लागतात आणि उधारी त्यांच्यात लुडबुड करते. लस सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत, ०.१ मिली दोन जागी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पण या सगळ्याआधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुणं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही.

वार्ताहर_उलटा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रूपक निव्वळ अलंकार नाही, त्यावर काम झालेलं आहे. विल्यम मॅकग्वायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग केले. लोक ज्या गोष्टी बिनविरोध मानतात, उदाहरणार्थ दात घासणं चांगलं, त्या पहिल्याच हल्ल्यात कोसळतात, कारण त्यांच्यावर कधी कोणी हल्ला केलेलाच नसतो. फॅरोच्या तरुणांसारखं! आधी कमकुवत हल्ला दाखवून तो परतवायला शिकवलं तर पुढचा जोरदार हल्ला झेपतो.

अफवांसाठी हे करायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी इशारा: 'निवडणुकीच्या आठवड्यात जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरतील.' मग सौम्य नमुना, एकच आणि खोटेपणा उघड दिसणारा. लगेच त्याची फोड: तारीख कापली आहे, आवाज वरून चढवला आहे. चुका दोन प्रकारच्या होतात. अफवा मथळ्यात मोठ्या अक्षरात आणि खुलासा तळाशी बारीक दिलात, तर ती लस नाही, लागण आहे. उलट नमुना न दाखवता नुसतं 'अफवांवर विश्वास ठेवू नका' लिहिलंत तर कुपीत फक्त पाणी. आणि हा परिणाम उतरतो, मधूनमधून पुन्हा द्यावा लागतो.

तिसरी_घंटा

इथपर्यंत ठीक. पण या रूपकाची दुसरी बाजू घाणेरडी आहे. 'समाज शरीर आहे' म्हटलं की पुढच्या वाक्यात कोणीतरी जंतू होतो. स्व आणि पर ही भाषा माणसांना लावली की परका म्हणजे रोग.

रक्तचंदन

आणि ते शास्त्र म्हणूनही कच्चं आहे. आतड्यात अब्जावधी परके जिवाणू सुखाने नांदतात, शरीर त्यांना हात लावत नाही. गर्भ अर्धा परका असतो. १९९४ मध्ये प्रतिकारशास्त्रज्ञ पॉली मॅट्झिंगर यांनी मांडलं की शरीर 'तू कोणाचा' हे विचारत नाही, 'इथे इजा झाली आहे का' हे बघतं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण 'परका दिसला की मार' एवढं बाळबोध शरीर नक्कीच नाही.

मोडीवाचक

रूपक वापरायचंच असेल तर १८९७ बघा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला आपण बनवलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. म्हणजे लस होती. पण फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, पुण्यात घरात शिरून झडत्या, सामान जाळणं, बायकांची रस्त्यात तपासणी. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. लोक प्लेगपेक्षा प्लेगच्या बंदोबस्ताला घाबरून आजारी माणसं लपवत होते. रक्तचंदन म्हणतात तसं, प्रतिकार भरपूर, आवर शून्य.

पुढे १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवालला एका कुपीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. त्याच दिवशी इतर कुप्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. तरी हाफकिनला निलंबित केलं आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. तोवर लशीवरचा विश्वास किती गेला असेल याचा अंदाज बांधा.

शीतसाखळी

म्हणूनच हल्ली गोवर-रुबेलाची कुपी फोडली की त्यावर वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेली फेकायची. तिच्यात जंतुनाशक नसतं. चार मुलं राहिली म्हणून दुपारपर्यंत ओढणं हा गुन्हाच. विरघळवण्याचं पाणीही त्याच कंपनीचं आणि आधीपासून थंड केलेलं. दुसऱ्याच औषधाची कुपी पाणी समजून मिसळल्याने मुलं दगावल्याची उदाहरणं जगात आहेत.

अर्धविराम

धागा फार चांगला गेला. माझं विधान दुरुस्त करतो: आठवण, आवर आणि खड्डा नसणं. मग मोठ्या माणसाने 'वाढवायला' प्रत्यक्षात काय करावं, कोणी एका परिच्छेदात सांगेल का?

रक्तचंदन

जुनं लसीकरण कार्ड शोधा. टीडीला दहा वर्षं झाली असतील तर घ्या. हिपॅटायटिस बी झाली नसेल तर ०, १, ६ महिने. साठीनंतर किंवा मधुमेह-दमा असेल तर दरवर्षी फ्लूची. पन्नाशीनंतर नागिणीची, दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. कांजिण्यांचा विषाणू नसांच्या गाठींत झोपलेला असतो, वयाबरोबर पहारा सैल पडला की तोच नागीण होऊन उठतो. साखर आटोक्यात, तंबाखू बंद, झोप पुरेशी. स्टेरॉइड किंवा संधिवाताची औषधं चालू असतील तर जिवंत लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पाटावरवंटा

यात काढा कुठे बसतो?

रक्तचंदन

चहाच्या जागी. आवडत असेल तर.

चहाटळ

@गोठेवाला, ब्रिक्स मीटर चिकानंतर पुन्हा उसाला वापरायचा तर कशाने पुसायचा?

गोठेवाला

कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने, लगेच. चीक वाळला तर काचेवर पापुद्रा धरतो आणि उसाचा आकडा चुकतो. पुसून झाल्यावर साध्या पाण्याचा थेंब टाकून शून्य येतंय का बघा.